निवेदक क्रमांक तीन

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, दिवाळी अंक आहे. जरा खुसखुशीत लिहा. तुमच्या कामात गमती फार घडत असतील."

घडतात. त्यातली एक सांगते. खुसखुशीत होईल की नाही सांगता येत नाही, कारण ती आठवली की माझा आवाज चढतो. घरच्यांना सवय आहे. आवाज चढला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण आमच्या नात्यागोत्यात ते अजून कुणालाच कळलेलं नाही. सांगलीतल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते, एवढं सगळ्यांना समजतं. पण सुट्टी लागली की ही बाई वह्या घेऊन माळावर पारध्यांच्या वस्तीवर जाऊन बसते आणि ते कसं बोलतात ते लिहून काढते, हे काही केल्या पचत नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं, उसाचं. घरटी एक माणूस फौजेत. माझे वडील, नाना, सुभेदार म्हणून रिटायर झाले. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मावशीनं विचारलं, "पारध्यांची भाषा शिकलीस म्हंजे नक्की काय करतीस गं? कुलपं उघडायला येत्यात का तुला?" आख्खी पंगत हसली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, पण तो वेगळा हिशोब.

तर काम असं असतं. बोलणारं एक माणूस गाठायचं. त्याला आम्ही निवेदक म्हणतो. त्याला एकेका वस्तूचं नाव विचारायचं: चूल, पाणी, आरसा, बाजार. मग वाक्यं. मी पाणी पितो, तू पाणी पितोस, तो पाणी पितो. काल प्यायलो, उद्या पिणार. हे दिवसच्या दिवस चालतं. त्यातून भाषेची वीण हळूहळू दिसायला लागते आणि ती दिसली की फार आनंद होतो. हा आनंद ज्याला होतो त्याला वेडं म्हणायची पद्धत आहे.

म्हसवडच्या बाहेर माळावर एक वस्ती होती. सिद्धनाथाचं दर्शन घेऊन लोक एसटीला लागायचे आणि मी उलट्या दिशेला चालत सुटायची. तिथं शिसवाबाई भेटली. तेव्हा तिची पन्नाशी असेल, माझी पंचविशी. मराठी अस्सल माणदेशी, आणि घरात आपली बोली. तोंड असं, की आमच्या विभागप्रमुखांना तिनं एका बैठकीत गार केलं असतं. मी प्रश्नावलीप्रमाणे क्रियापदं विचारत होते. यादीत 'मरणे' आलं. मी म्हटलं, "बाई, म्हणा, मी मेले."

"तू म्हन की."

"अहो, नुसतं म्हणायचंय. तुमच्या बोलीत कसं होतं ते बघायचंय."

"मंग तूच मर आन् बघ. सांजचं म्हनं मी मेले! आवं, कुनी धाडलं हिला?"

तो सबंध रकाना माझ्या वहीत कोरा आहे. प्रबंधात मी लिहिलं, 'या क्रियापदाचे प्रथमपुरुषी रूप उपलब्ध होऊ शकले नाही.' अशी वाक्यं लिहून माणूस डॉक्टर होतो.

आता माझी चूक. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस करूच शकणार नाही, इतकी ती आमची खास आहे. चारशे वर्षं एका मुलखात राहिलेल्या लोकांच्या बोलण्यात शेजाऱ्याचे शब्द येणारच. आपल्या मराठीत फारसी आहे, कानडी आहे, 'टेबल' आहे, आणि त्याबद्दल आपण कुणाची माफी मागत नाही. पण पारध्यांच्या बोलीत मराठी शब्द आला की माझे मार्गदर्शक भुवया वर करायचे. "मिश्रण गाळा. निर्भेळ रूप द्या." मग मी गाळलं. शिसवाबाईनं मराठीशी मिळताजुळता शब्द दिला की म्हणायचं, हा नको, जुना द्या. तिनं जुना आठवून दिला की तो निळ्या शाईनं लिहायचा आणि आधीचा लाल शाईनं खोडायचा. माझ्या वह्या लालेलाल आहेत. मला वाटायचं, मी भाषा स्वच्छ करतेय.

दुसरी गोष्ट नावाची. पारध्याचं नाव आणि त्याच्या वस्तीचा पत्ता छापणं म्हणजे कुठंही चोरी झाली की पोलिसांना वाट दाखवणं. म्हणून आम्ही नावं छापत नाही. आकडे देतो. शिसवाबाई माझ्या पुस्तकात 'निवेदक क्र. ३' आहे. हे मात्र मी तिच्या भल्यासाठी केलं होतं, आणि अजूनही तसंच करीन.

पुस्तक छापलं गेलं. वाचक तीन: मी, मार्गदर्शक आणि मुद्रितं तपासणारे गृहस्थ. उरलेल्या प्रती आमच्या दिवाणात आहेत. दोन प्रती बरीच वर्षं कॉम्प्युटरच्या खाली उंची वाढवायला होत्या.

चौथा वाचक कोण ते दोन वर्षांपूर्वी कळलं.

त्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. शिसवाबाईचा मुलगा सुरेश. तो कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. बरोबर त्याची मुलगी पूनम. बारावीला चांगले मार्क पडले होते, नर्सिंगला नंबर लागला होता. आदिवासी जमातीचा दाखला होता. पण नुसता दाखला चालत नाही. तो खरा आहे की नाही हे एक समिती तपासते. ज्यांच्या आज्या-पणज्यांचे शाळेचे कागद असतात त्यांचं काम कागदावर भागतं. शिसवाबाईच्या नवऱ्यानं शाळा बाहेरूनसुद्धा बघितली नव्हती. कागद कुठून येणार? मग साहेब लोक घरी येतात आणि विचारतात, तुमचे देव कुठले, लग्न कसं लावता, आणि तुमच्या बोलीत अमक्याला काय म्हणता. बोली आली तर तुम्ही खरे.

सुरेशनं कागद पुढं केला. चौकशीचा अहवाल. मी चष्मा लावला. तिसऱ्या पानावर माझं नाव होतं, पुस्तकाचं नाव होतं, पृष्ठक्रमांक होते.

आता खरं सांगते, लपवून काय उपयोग. मला पहिल्यांदा आनंद झाला. आमच्या धंद्यात कुणी आपल्या पुस्तकाचा हवाला दिला की अंगावर मूठभर मांस चढतं. मी आत नानांना ओरडूनसुद्धा सांगितलं, "नाना, सरकारनं माझं पुस्तक वाचलं!"

मग मी पुढचं वाचलं. 'अर्जदार मुलीस वीस शब्द विचारले असता तेरा शब्द संदर्भग्रंथातील शब्दांशी जुळत नाहीत. सबब अर्जदारास जमातीच्या बोलीभाषेचे ज्ञान नाही. आप्तभाव सिद्ध होत नाही.' म्हणजे जमातीशी हिचं नातं नाही, ही पारधी नाही.

मी दिवाणातून वह्या काढल्या. पूनमचे तेरा शब्द आणि माझी पानं ताडून पाहिली. तेराच्या तेरा तिथं होते. शिसवाबाईनं पहिल्यांदा दिलेले. लाल शाईनं खोडलेले.

ते शब्द इथं देऊ शकले असते. देणार नाही. छापलेला शब्द कुठं जाऊन कुणाचा गळा धरेल याचा मला आता भरवसा राहिलेला नाही.

सुरेश म्हणाला, "मॅडम, तुमी येऊन सांगा की. तुमचंच पुस्तक हाय. तुमचं ऐकत्याल."

मलाही तसंच वाटलं. पुस्तक माझं, सही माझी. दहा मिनिटांचं काम.

सुनावणीला आम्ही चौघं गेलो. शिसवाबाईला म्हसवडहून आणलं होतं, ऐंशीच्या घरात आली तरी ताठ. साहेब अगदी सभ्य. उठून नमस्कार केला, चहा मागवला. त्यांच्यापुढं माझं पुस्तक, त्यात पिवळ्या चिठ्ठ्या. इतक्या मनापासून ते कुणीच वाचलं नव्हतं.

"मॅडम, तुमचं काम फार मोलाचं. हे पुस्तक नसतं तर आम्हाला बोलीचा निकषच नव्हता."

"साहेब, तो निकष नाही. एका वस्तीवरच्या तीन माणसांनी सांगितलेली यादी आहे."

"असं पुस्तकात कुठं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं. 'पारधी बोलीत अमक्यास अमुक म्हणतात' असं मी ठोकून दिलं होतं. जणू सगळे पारधी एका घरात राहतात.

साहेबांनी शिसवाबाईकडे वळून तेच शब्द विचारले. तिनं आपली रोजची उत्तरं दिली. म्हणजे पूनमचीच. साहेबांनी चिठ्ठी लावलेलं पान उघडलं, मान हलवली आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा, आजीसही बोलीचे ज्ञान नाही."

मी उभी राहिले. "अहो, हे पुस्तक यांच्याच तोंडून आलंय! निवेदक क्रमांक तीन म्हणजे या!"

"नाव आहे का पुस्तकात?"

"नाही."

"मग कसं मानायचं?"

मी वह्या पुढं केल्या. साहेबांनी एक पान बोटानं उलटलं. "मॅडम, तुमच्यावर अविश्वास नाही. पण वही काय, कुणीही कालसुद्धा लिहून आणेल. हे छापील आहे."

माझं छापील माझ्याविरुद्ध. तेव्हा माझा आवाज चढला आणि तिथं टीव्हीही नव्हता. मी म्हटलं, "साहेब, तुमचं घर शेतकऱ्याचं का?" ते म्हणाले, हो. "मग नांगराच्या मागच्या मुठीला काय म्हणतात? जुवाच्या टोकाला खुंटी असते तिला काय म्हणतात?"

ते हसले, पण सांगेनात. शेजारचा कारकून "रुमणं... आणि शिवळ..." असं काहीतरी पुटपुटला, त्याला त्यांनी नजरेनं गप्प केलं.

"येत नाही ना? मग तुमचं मराठीपण रद्द करू?"

साहेबांचा चेहरा बदलला. "मॅडम, प्रश्न आम्ही विचारतो."

या वाक्याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. कारण हेच वाक्य मी माळावर बसून तीन वर्षं, न उच्चारता, म्हणत होते.

शेवटी ते म्हणाले, मूळ ध्वनिमुद्रण असेल तर सादर करा. आणि पुढची तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची. मी म्हटलं, मुलीच्या प्रवेशाची मुदत त्याआधी संपतेय. ते म्हणाले, "आम्ही कुणाला अडवत नाही. प्रक्रिया आहे." मुदत संपली. नर्सिंगची जागा दुसऱ्या कुणालातरी गेली. जिला ती मिळाली तिला मी दोष देत नाही. दोष ज्यांचा आहे त्यांनी त्या दिवशी जेवून दुपारची झोपसुद्धा काढली असेल.

माळावर वहीबरोबर टेपही चालू असायचा, त्या कॅसेटी माझ्याकडे होत्या. वाजवायला यंत्र नव्हतं. नानांचा फौजी कँटीनमधून घेतलेला टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला, त्याचा पट्टा वितळून काळी चिक्की झाली होती. सांगलीत एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं तो जुळवून दिला. नाना म्हणाले, "मी पण येतो. माझा सेट आहे, दुसऱ्याच्या हातात देणार नाही." टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ते गाडीत ताठ बसले होते, जणू बॉर्डरवर वायरलेस घेऊन निघालेत.

साहेबांच्या टेबलावर सेट ठेवला. नानांनी बटण दाबलं. आधी खरखर, मग शेळी ओरडली, आणि मग एका पंचवीस वर्षांच्या मुलीचा आवाज. टोकदार, घाईचा, स्वतःवर खूश असलेला. माझा.

"बाजारला काय म्हणता?"

शिसवाबाईचा तरुण आवाज. पूनमचा शब्द.

"हा मराठी झाला. तुमचा सांगा."

"आमी ह्योच म्हंतो."

"नाही, नाही. जुना आठवा. नीट आठवा."

शेळी पुन्हा ओरडली. मग एक शब्द. पुस्तकातला.

"हां! हा खरा!"

पुढचा शब्द. पुन्हा तेच. त्याच्या पुढचा. पुन्हा तेच. मी तिला चुकीचं ठरवतेय, ती थांबतेय, आठवतेय, देतेय, आणि मी "हां! हा खरा!" म्हणून खूश होतेय. खोलीतली सगळी माणसं टेपकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, एवढी दया झाली. पाचव्या की सहाव्या शब्दाला टेपवरची शिसवाबाई वैतागली.

"बये, एकदा नीट सांग. तुला कवाचा शबुद पायजे? माजा, का माज्या आज्जीचा?"

आणि माझा आवाज, विचार न करता: "आज्जीचा."

नानांनी बटण बंद केलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल एक अक्षर न बोललेला माणूस. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, चूक आमच्या पोरीची आहे. सजा त्यांच्या पोरीला का?"

शिसवाबाई मात्र हसत होती. टेपरेकॉर्डरला हात लावून म्हणाली, "माजा आवाज काय ग्वाड हुता, बग की पूनम!"

साहेब काही वेळ कागद नीट लावत बसले. मग म्हणाले, लेखिकेनं प्रतिज्ञापत्र द्यावं. मी तिथंच लिहून दिलं, की माझ्या पुस्तकातली यादी ही जमातीच्या आजच्या बोलीची यादी नाही, आणि ती तशी भासवून छापणं ही माझी चूक आहे. नोटरीनं शिक्का मारताना विचारलं, "मॅडम, स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध? असं कुणी करतं का?" मी म्हटलं, "फार आधी करायला पाहिजे होतं."

बाहेर झाडाखाली सुरेश माझ्या पाया पडायला लागला. मी मागं सरकले. पूनम काही पडली नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, आजीनं आदी त्योच शब्द सांगितला हुता न्हवं?"

"हो."

"मी बोलते त्योच."

"हो."

"मंग तुमी खोडला का?"

सुरेश म्हणाला, "ए, गप गं. मॅडमनी एवढं केलं..."

"केलं ते आत्ता. मी तवाचं विचारतिया."

मी मार्गदर्शकांचं सांगणार होते. शुद्ध रूप, त्या काळची पद्धत, असं बरंच काही तोंडात आलं होतं. एकही वाक्य तिच्यापुढं उभं राहिना. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं." तेही खोटंच होतं. मला माहीत होतं. मला तिच्या आजीची भाषा हवी होती, तिची आजी नको होती.

दाखल्याला वैधता मिळाली. तोवर वर्ष गेलं. ते वर्ष पूनमनं कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला काढलं. सकाळी बापाच्या मागे मोटारसायकलवर बसून जायची, खोकी चिकटवायची. लोक मला सांगायचे, एक वर्ष म्हणजे काय, गेलं नि आलं. ज्यांचं जात नाही त्यांना असं बोलता येतं. अठराव्या वर्षी, हातात मार्कलिस्ट असताना, दिवसभर खोकी चिकटवून बघा. पुढच्या वर्षी तिचा पुन्हा नंबर लागला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे.

गोष्ट इथं संपली असती तर मी संपादकांना ती कदाचित हसत सांगितली असती. पण या उन्हाळ्यात मला एक पत्र आलं. त्याच कार्यालयातून, त्याच सभ्य भाषेत. 'आपल्या प्रतिज्ञापत्राची नोंद घेण्यात आली आहे. आपणांकडील मूळ वह्यांमध्ये प्रचलित शब्दही उपलब्ध असल्याचे दिसून येते. तरी आगामी चौकशांसाठी प्रचलित व जुन्या, दोन्ही शब्दांची सुधारित सूची तयार करून देण्यात यावी.'

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे एवढं सगळं होऊन त्यांना कळलं काय, तर यादी अपुरी होती! आता मोठी द्या. शिसवाबाईच्या वस्तीवर दहावी-बारावीला सात-आठ पोरं आहेत. विट्याकडच्या, जतकडच्या वस्त्यांवर आणखी. त्यांची बोली माझ्या वहीतल्यासारखी नाही, तिकडं मी कधी गेलेही नाही. त्यांना आता माझ्या नव्या यादीवर तपासणार.

मी पूनमला फोन केला. ती ड्यूटीवर होती, मागून कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" अशा हाका मारत होतं. मी पत्र वाचून दाखवलं.

"देणार आहात का तुम्ही?" तिनं विचारलं. बोलणं आता हॉस्टेलचं झालंय, राग तोच.

"नाही."

"मग मला कशाला विचारताय? पेशंट बोलावतोय." फोन बंद.

बरोबर आहे. तिला विचारायचं कारण नव्हतं. मी टेबलाशी बसले आणि उत्तर लिहायला घेतलं. भाषा म्हणजे काय, ती घराघरात का बदलते, बोलीवरून माणूस का ओळखू नये. चार पानं झाली. नाना वाचून म्हणाले, "लेक्चर आहे. साहेब वाचणार नाही. वाचलं तरी दोन वाक्यं काढून तुझ्याच विरुद्ध लावेल."

हे खरं होतं. माझं लिहिलेलं त्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, हाच एक उपाय. मी चार पानं फाडली आणि नव्या कागदावर लिहिलं: 'अशी कोणतीही सूची माझ्याकडे नाही, व ती तयार करणे शक्य नाही.' खाली सही केली, नावामागची डॉक्टर ही उपाधी न लावता.

हे धडधडीत खोटं आहे. वह्या माझ्याकडे आहेत, सगळ्याच्या सगळ्या, आणि अशी सूची मी दोन दिवसांत करू शकते. हे मी इथं छापील सांगतेय, आणि कार्यालयातलं कुणी हा अंक वाचत असेल तर त्यांनी खुशाल चिठ्ठी लावून ठेवावी. बोलावलं तर मी येईन. चहा नको. आणि त्या दिवशी प्रश्न तुम्ही विचारा, उत्तर मी देणार नाही.